कॉकेशसच्या गालिच्याला इराणी गज लावू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कोकणातल्या जुन्या घरांमधल्या वस्तूंवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. शिसवी पलंग, तांब्याचे हंडे, बिलोरी हंड्या यांच्याविषयी लेखकाने जीव लावून लिहिलं आहे. माझी तक्रार तिसऱ्या छायाचित्राबद्दल आहे. त्याच्याखाली ‘ओटीवरचा जुना इराणी गालिचा’ असं छापलं आहे आणि मजकुरात, वीण जाडीभरडी असल्यामुळे त्याला फारशी किंमत नसावी, असा शेरा आहे. शेजारच्या चौकटीत असे गालिचे कडक उन्हात घालावेत, काठीने झोडपावेत आणि साबणाच्या पाण्याने धुवावेत, असा सल्लाही दिला आहे.

तो गालिचा इराणी नाही. तो कॉकेशसमधला आहे, बहुधा कझाक भागातला, आणि जाडी वीण ही त्याची घडणच आहे, तो त्याचा कमीपणा नाही. चौकटीतला सल्ला कुणी मनावर घेतला, तर मात्र शंभर-सव्वाशे वर्षं टिकलेला माल एका दुपारीत खलास होईल. म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे; कापायचं झालं तर शेवटाकडचा, निगराणीबद्दलचा भाग तेवढा ठेवावा.

मी कोण हे सांगायला हवं. मी दापोली तालुक्यातला, खाडीकाठच्या गावातला. आमच्याकडची पोरं शाळा सुटली की बोटीवर जायची. मी मामूंच्या ओळखीने मुंबईला गालिच्यांच्या रफूच्या कामाला लागलो. उस्ताद नजीबाबादचे होते, जिथले रफूगर सगळ्या हिंदुस्थानात नावाजलेले. त्यांनी सुरुवातीला सुई हातात दिलीच नाही. गालिचा उलटा टाकायचा आणि त्याची पाठ वाचायची, एवढंच काम. वरची नक्षी कुणालाही नादी लावते, पण माल कुठला, किती जुना, कुठे दुरुस्त केलेला, हे सगळं पाठीवर लिहिलेलं असतं. मुंबईतल्या पारशी, बोहरी घरांतून, जुन्या बंगल्यांतून जे गालिचे यायचे त्यांत इराणी आणि काश्मिरी भरपूर. पण मधूनच एखादा कॉकेशसचा निघायचा आणि त्या दिवशी उस्ताद चहा प्यायलाही उठत नसत.

आपल्या छायाचित्रात गालिच्याचा एक कोपरा उलटा दुमडलेला दिसतो. छापणाऱ्याच्या ते लक्षातही आलं नसेल, पण माझं काम त्या कोपऱ्यानेच केलं. तिथे गाठींच्या दोन ओळींमध्ये लालसर रंगवलेल्या लोकरीचे बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे दिसतात, एक-दोन नव्हे, तीन-चार एकापाठोपाठ. ताणा, म्हणजे उभा धागा, तोही लोकरीचाच, न रंगवलेला. लव, म्हणजे वर उभी राहणारी लोकर, उंच; गाठ मोठी. वरच्या बाजूला रुंद किनारीत दातेरी तिरकं पान, मग पेल्यासारखं फूल, पुन्हा पान, अशी रांग आहे. हे सगळं एकत्र आलं की आमच्या धंद्यात त्याला कझाक म्हणतात. या नावाचा कझाकस्तान देशाशी संबंध नाही. कझाक हे आजच्या अझरबैजानच्या पश्चिम टोकाला असलेलं गाव आहे आणि त्याच्या आसपासच्या डोंगराळ मुलखातले गालिचे त्याच्या नावाने बाजारात येत.

काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामधला हा मुलूख. उत्तरेला दागेस्तान, मग कुबा, शिरवान, बाकू. पश्चिमेकडे गंजा, कझाक. दक्षिणेला काराबाख, मुघान, तालिश. अझरी, आर्मेनियन, लेझगी, तात, तालिश, कुर्द, अशा कितीतरी जमातींच्या बाया तिथे घरच्या मागावर विणत. कुणा एकाच जमातीच्या नावावर हे सगळं काम चढवलेलं मला पटत नाही. ज्या गालिच्यावर आर्मेनियन अक्षरं विणलेली आहेत तो आर्मेनियन बाईचा असं म्हणता येतं; बाकीच्यांवर सही नसते आणि शेजारच्या गावाची नक्षी उचलायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

कोकणच्या वाचकाला हा मुलूख फार लांबचा वाटेल, पण तसा तो नाही. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात व्होल्गा उतरून दर्बंदला आला, शिरवानच्या शहाला भेटला, बाकूवरून इराणात गेला आणि होर्मुझहून जहाजाने आपल्या चौलला उतरला. रेवदंड्याला त्याचं स्मारक उभं आहे. परतीचं जहाज त्याने दाभोळहून धरलं. म्हणजे ज्या शिरवानच्या गालिच्यांबद्दल मी लिहितो आहे, तो मुलूख तुडवून आलेला माणूस आमच्या दाभोळच्या बंदरात उभा राहिलेला आहे. बाकूजवळच्या सुराखानी गावात ज्वाळांचं जे देऊळ आहे, तिथल्या शिलालेखांत देवनागरी आहे आणि ‘श्री गणेशाय नमः’ कोरलेलं आहे. हिंदुस्थानातले व्यापारी तिथवर जाऊन राहत होते. त्याच सुराखानीच्या नावाने गालिचेही ओळखले जातात. पुढच्या काळात आमच्या खेड-दापोली-मंडणगडच्या खलाशांनी बसरा, आबादान, इस्तंबूल पालथं घातलं. येताना कुणी पेटारा आणला, कुणी समोवार, कुणी गालिचा. कोकणातल्या घरात कॉकेशसचा गालिचा निघाला तर मला त्याचं नवल वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे गालिच्याचा गज इराणी आहे. गाठी मोजायच्या, जितक्या जास्त तितकी किंमत जास्त. शहरातल्या कारखान्यात, कागदावर आखलेल्या नक्षीवरून विणलेल्या इराणी मालाला तो गज ठीक आहे, कारण तिथे कारागिराला गुलाबाची पाकळी गोल काढायची असते आणि त्याला बारीक गाठ लागते. कझाकमध्ये चौरस इंचाला साधारण पन्नास ते ऐंशी गाठी असतात. एवढ्या मोठ्या गाठीत गोल रेषा निघतच नाही. रेष तिरकी न्यायची तर एक गाठ वर, एक गाठ बाजूला, अशी पायरी पायरीने न्यावी लागते. त्या बायांनी हे ओळखून गोल रेषेचा नादच सोडला. अष्टकोन, चौकोन, हुकासारखे आकडे, दातेरी कडा, तारे यांतच त्यांनी सगळं मांडलं आणि मोकळ्या जागेत सपाट रंग भरला. त्यामुळे कझाकमध्ये रंग आणि लोकर बघायची, रेषेची ठेवण बघायची, मोकळं सोडलेलं मैदान बघायचं. पैठणीच्या जरीच्या हिशेबाने इरकलीची किंमत करावी, तसा तो गाठींचा हिशेब आहे.

शिवाय सगळा कॉकेशस जाडाच, असंही नाही. शिरवान आणि कुब्याचा माल बारीक असतो, शंभराच्या पुढे गाठी, लव आखूड कापलेली, हातात घेतला तर कापडासारखा पडतो. शिरवानच्या काठाला बहुतेक वेळा पांढरं सुती विणकाम असतं, कुब्याच्या टोकाला कधी कधी फिकट निळी सुमाख पट्टी. सुमाख म्हणजे गाठ न मारता बाण्याचा धागा ताण्याभोवती गुंडाळत नेण्याचं काम. त्याची लव नसते आणि पाठीमागे धाग्यांची सुटी टोकं लोंबतात. ती टोकं बघून एका सुशिक्षित बाईने दोरे सुटलेत म्हणून कात्री चालवल्याचं मी पाहिलं आहे. आणि केवळ गाठ बघून इराणी की कॉकेशसचा हे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कॉकेशसमध्ये दोन ताण्यांवर सारखी बसणारी तुर्की गाठ असते हे खरं, पण तीच गाठ इराणातल्या हमदान, तबरीझ आणि हेरीझच्या मालातही असते. गाठ, ताणा, बाणा, काठ, लव, नक्षी या सगळ्यांची साक्ष जुळायला लागते.

नक्षीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लेखात तिच्यावर एक ओळही नाही. सतराव्या-अठराव्या शतकात कॉकेशसमध्ये मोठे, लांबट गालिचे विणले गेले, ज्यांना जाणकार ड्रॅगनचे गालिचे म्हणतात. दातेरी पानांच्या पट्ट्यांची मोठी जाळी, आणि तिच्या घरांत कोनाकोनांचा, ओळखू न येणारा तो प्राणी. असे गालिचे वॉशिंग्टन, इस्तंबूल, बर्लिनच्या संग्रहालयांत आहेत. इराणी दरबारी नक्षी डोंगरात येऊन कशी टोकदार झाली हे त्यांत दिसतं. पुढे एकोणिसाव्या शतकात गावच्या बायांनी त्या मोठ्या जाळीतलं एकेक फूल, एकेक पान सुटं काढलं आणि ते वाढवून गालिच्याच्या मधोमध बसवलं. काराबाखमधल्या चेलाबर्दचा गालिचा बघा. मधल्या पदकातून, म्हणजे मैदानातल्या मोठ्या आकृतीतून, चारी बाजूंना पांढऱ्या-लाल किरणांसारखे पट्टे निघतात. व्यापारी त्याला ‘गरुड कझाक’ म्हणतात, रशियाच्या दोन तोंडांच्या गरुडासारखा दिसतो म्हणून. मुळात ते जुन्या नक्षीतलं फूल आणि पानं आहेत, गरुडाशी त्यांचं काही नाही, आणि कझाकशीही नाही. आजच्या आर्मेनियाच्या दक्षिणेला ख्न्दझोरेस्क नावाचं गाव आहे. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गालिच्यांत अष्टकोनी पदकात वळवळणारे आकार असतात. त्यांना ढगांची पट्टी म्हणतात आणि अशी पट्टी चीनच्या कामातून इराणमार्गे आली. काराचोव नावाच्या कझाकमध्ये मधे एक मोठा अष्टकोन आणि चार कोपऱ्यांना चार चौकोन. ही दोन-एक-दोनची मांडणी इतकी जुनी आहे, की तिच्या जातीचे तुर्की गालिचे युरोपातल्या चित्रकारांनी पंधराव्या-सोळाव्या शतकातच रंगवून ठेवले. हान्स होल्बाइनने १५३३ साली दोन राजदूतांचं जे मोठं चित्र काढलं, त्यात मेजावर तसाच गालिचा अंथरलेला आहे. डोंगरातल्या बायांनी ते चित्र कधी पाहिलं नसणार. आईच्या मागावर बसून, समोर जुना गालिचा ठेवून, ती मांडणी त्यांच्यापर्यंत तीनशे-चारशे वर्षं चालत आली.

कुब्यातल्या पेरेपेदिलच्या गालिच्यात एडक्याच्या शिंगांसारखे वळलेले आकार येतात. आक्स्ताफा नावाने विकल्या जाणाऱ्या लांब पट्ट्यांवर पंख्यासारख्या शेपटीचे पक्षी असतात, आपल्याकडे कुणीही त्यांना मोर म्हणेल. आणि मला सगळ्यांत जिव्हाळ्याचे शिरवानचे मरासली मुसल्ले, म्हणजे नमाजाचे गालिचे. गडद निळ्या किंवा पांढऱ्या मैदानावर महिरप, आणि आत ओळीने कोयऱ्या. हो, आपल्या साडीच्या पदरावरची, मेंदीतली, तीच कोयरी. प्रत्येक कोयरीचा रंग वेगळा, आणि तिरकं बघितलं की एकाच रंगाच्या कोयऱ्यांची ओळ लागते. असा एक मुसल्ला माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. नमाजीच्या कपाळाच्या जागी लव पार झिजून ताणा दिसत होता. मालकांना तिथे नव्या गाठी मारून हव्या होत्या. मी त्यांना विनवून ती जागा तशीच ठेवायला लावली आणि फक्त ताणा-बाणा धरून ठेवला. आजही मला ते केलं ते बरं केलं असंच वाटतं.

व्यापारी या आकारांचे अर्थ सांगतात. हा आकडा नजर उतरवायला, हा तारा नशिबाला, हा खेकडा अमक्या कारणाला. मी अशा गोष्टी गिऱ्हाइकाला कधी सांगितल्या नाहीत. किनारीतला ज्याला धावता कुत्रा म्हणतात तो आकार विणणाऱ्या बाईला कुत्रा वाटत होता की लाट, हे तिने लिहून ठेवलेलं नाही. मैदानात मधेच एखादी शेळी, एखादा उंट, एखादी फणी विणलेली असते. ती तिने घातली, कारण तिला घालावीशी वाटली. एवढं मला पुरतं.

रंगांकडे येतो. लाल मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा, निळा निळीचा, पिवळा झाडपाल्याचा, तुरटीवर बसवलेला. तपकिरी-काळ्या रंगासाठी लोह वापरायचे, आपल्याकडच्या हिराकसासारखं. ते लोह लोकरीला खात जातं. म्हणून खऱ्या जुन्या गालिच्यात काळ्या रेषा आजूबाजूच्या रंगांपेक्षा खोल गेलेल्या असतात आणि लाल-निळा उठून वर दिसतो. डोळे मिटून हात फिरवला तरी कळतं. एकाच लाल मैदानात मधेच फिकट, मधेच गडद आडवे पट्टे दिसतात, त्याला अब्रश म्हणतात. वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या लोकरीमुळे ते येतात आणि लेखकाने बहुधा त्यालाच ‘रंग उडालेला’ म्हटलं आहे. १८५६ साली पर्किन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग काढला, त्यानंतर रासायनिक रंगांची रांगच लागली. १८८३ साली तिफ्लिस (आजचं तिबिलिसी) ते बाकू रेल्वे जोडली गेली आणि डोंगरातला माल काळ्या समुद्रावरच्या बंदरांतून युरोपला धावू लागला. मागणी वाढली, तसे स्वस्त रंग मागावर पोहोचले. असा रंग वरून विटका आणि मुळाशी भडक असतो. लव दोन बोटांनी दुभागून मुळाशी बघा: झाडपाल्याचा रंग टोकापासून मुळापर्यंत हळूच गडद होत जातो, स्वस्त रंग दोन वेगळ्या रंगांचा वाटतो. सगळाच रासायनिक रंग टाकाऊ, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या काळातल्या काही बायांनी विकतची एखादी नारिंगी लोकर अशा ठिकाणी बसवली आहे की बघत राहावं.

कॉकेशसच्या कित्येक गालिच्यांवर साल विणलेलं असतं, हिजरी सनात, अरबी आकड्यांत. लहानपणी मक्तबमध्ये शिकलेले आकडे मला असे उपयोगी पडले. हिजरी आकड्याला तेहतीसने भागा, आलेलं उत्तर त्यातून वजा करा आणि ६२२ मिळवा. १३१० असेल तर १८९२-९३ येतं. पण त्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. अरबी तीनच्या डोक्यावर तीन दाते असतात, दोनच्या डोक्यावर दोन. एक दाता काढला की तेराशेचं बाराशे होतं, आणि गालिचा एका शतकाने म्हातारा होतो. मुंबईतल्या एका व्यापाऱ्याने हे काम माझ्यासमोर ठेवलं होतं. चार-पाच गाठी उपटायच्या आणि तिथे मैदानाच्या निळ्या लोकरीने नव्या मारायच्या, चहा थंड व्हायच्या आत होणारं काम, आणि पैसे महिनाभराच्या कमाईइतके. मी गालिचा गुंडाळून परत दिला. त्याने तो दुसरीकडून करून घेतला असेलच. म्हणून सालाच्या जागी गालिचा उलटा करा. नवी गाठ पाठीमागून ताजी दिसते, तिच्याखालचा बाणा जुना आणि दबलेला असतो, आणि भिंगातून ते लपत नाही. तसंच ओला पांढरा रुमाल पिळून झिजलेल्या जागेवर दाबा. रुमालाला रंग आला तर एक तर रंग कच्चा आहे, किंवा झिजलेला ताणा स्केचपेनने रंगवलेला आहे. हा दुसरा उद्योग हल्ली फार चालतो.

आता ज्या गोष्टीमुळे मी लिहायला बसलो ती सांगतो. बाणकोट खाडीच्या काठच्या एका गावात आमच्या नात्यातल्या एक चाची राहतात. त्यांचे सासरे बोटीवर सारंग होते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने त्यांच्या घराची कौलं आणि अर्धे वासे नेले. टाळेबंदी होती, मुलं मुंबईत अडकलेली. पुढे काही महिन्यांनी जुन्या वस्तू घेत फिरणारा एक व्यापारी गाडी घेऊन आला. माळ्यावरचा गालिचा त्याने अंगणात पसरला, पायाने उलटवला आणि सांगितलं, हा इराणी नाही, जाडाभरडा आहे, घोंगडीचा भाव देतो. चाचींना छपरासाठी पैसे हवे होते. त्यांनी दिला. त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर मी त्याचा फोटो पाहिला: सात-आठ फूट लांब, तीन पदकं एकाखाली एक, मधलं हिरवं, बाजूची दोन निळी, चहूबाजूंनी हुकासारख्या आकड्यांची किनार, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी विणलेली एवढीशी शेळी. रंग मोबाइलच्या काचेतूनही जिवंत दिसत होते. तो व्यापारी अडाणी नव्हता. अडाण्याने पाठ बघितली नसती.

तेच लोक शहरात जाऊन यंत्रावर विणलेला नवा माल ‘जुना इराणी’ म्हणून विकतात. म्हणजे घेताना ‘इराणी नाही’ म्हणून भाव पाडायचा आणि विकताना ‘इराणी आहे’ म्हणून चढवायचा. आपल्या वर्तमानपत्रात जेव्हा कझाकखाली ‘इराणी, पण जाडाभरडा’ असं छापून येतं, तेव्हा अशा माणसाच्या हातात आपण कात्रणच देतो. उद्या तो ते खिशातून काढून एखाद्या घरात दाखवील. म्हणून दुरुस्ती छापावी, आणि ती लेखाइतक्याच ठळक जागी छापावी, ही माझी मागणी आहे.

निगराणीबद्दल. कोकणातल्या पावसाळ्यात चिऱ्याची भिंतसुद्धा ओल धरते, तिथे लोकर तर हवेतला दमटपणा शोषूनच घेते. गालिचा जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. घडी घालू नका; घडीच्या जागी जुना ताणा तुटतो. लव ज्या दिशेला निजते त्या दिशेने, जाडशा नळीवर गुंडाळा, वर धुऊन मऊ झालेली सुती साडी किंवा लुंगी लपेटा आणि फळीवर आडवा ठेवा. प्लास्टिकमध्ये बांधू नका, आत घाम धरून बुरशी येते. कडक उन्हात रंग जातो आणि लोकर कोरडी पडते. ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत पडवीच्या सावलीत, वारा लागेल असा पसरा, दोन्ही बाजूंनी. काठीने झोडपल्यावर धूळ निघते तसे ताणेही तुटतात. त्यापेक्षा कमी जोराच्या व्हॅक्यूमने, लवेच्या दिशेने, काठाच्या दशा सोडून धूळ ओढा. व्हॅक्यूम नसेल तर मऊ कुंचा पुरे.

कसर हा लोकरीचा खरा शत्रू. ती अंधारात आणि न हलवलेल्या जागी लागते, म्हणून पलंगाखालचा, कपाटाखालचा भाग आधी बघा. वाळूसारखे कण, पांढरी जाळी, आणि लव मुळापासून साफ गेलेली, अशी खूण दिसली की गालिचा लगेच बाकीच्या लोकरी कपड्यांपासून वेगळा करा. वेखंडाची किंवा कडुनिंबाच्या सुक्या पाल्याची पुरचुंडी जवळ ठेवायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर राहू नका. महिन्याला एकदा उलगडून बघण्याला पर्याय नाही. डांबरगोळ्या ठेवल्यात तर त्या लोकरीला टेकू देऊ नका.

धुण्याची घाई तर अजिबात नको. कपड्याच्या पावडरीने लोकरीचा जीव जातो, ब्लीचने ती विरते, आणि एखादा लाल कच्चा असेल तर पांढऱ्यात उतरलेला तो डाग कुणाच्या बापालाही काढता येत नाही. चहा सांडला तर पांढऱ्या सुती फडक्याने दाबून टिपा, घासू नका. काठ उसवू लागला असेल तर तो कापून सरळ करू नका, मागे रबराचं सोल्युशन लावू नका. जाड सुती दोऱ्याने सुटणारी कड तात्पुरती बांधा आणि जाणकार रफूगराला दाखवा.

बाकूमध्ये १९६७ साली केवळ गालिच्यांसाठी संग्रहालय काढलं गेलं. २०१४ पासून ते नव्या इमारतीत आहे आणि ती इमारतच गुंडाळलेल्या गालिच्याच्या आकाराची आहे. शुशाचे लतीफ केरिमोव यांनी गावोगावच्या नक्ष्यांची नावं लिहून काढण्यात आयुष्य घातलं. अझरबैजानच्या गालिचे विणण्याच्या कलेला २०१० साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आपल्याला एवढं काही करायचं नाही. रत्नागिरीत थिबा राजवाड्यात सरकारी संग्रहालय आहे. जिल्ह्यातल्या घरांत, दर्ग्यांत, मशिदींत असे किती जुने गालिचे आहेत याची साधी नोंदवही तिथे सुरू झाली तरी पुष्कळ. आपल्या वर्तमानपत्राने त्यासाठी आवाहन केलं तर लोक ऐकतील. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, हेही त्यासोबत छापावं. दारात आलेल्या व्यापाऱ्याला ते माहीत असतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नसतं.

ज्यांच्या घरी जुना गालिचा आहे त्यांनी विकण्याआधी चार फोटो काढावेत. एक पूर्ण गालिच्याचा, एक किनारीचा, एक टोकाच्या दशांचा, आणि एक पाठीचा, अगदी जवळून, शेजारी शाळेची फूटपट्टी ठेवून, म्हणजे गाठी मोजता येतील. फोटो दिवसाच्या उजेडात काढावा, फ्लॅश नको, रंग खोटे येतात. तो घरात कुणी आणला, कुठल्या बंदरातून, हे आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहून ठेवावं. हे फोटो आपल्या कार्यालयाकडे आले आणि आपण ते माझ्याकडे पाठवलेत, तर कुठला माल आहे ते मला कळेल तेवढं मी लिहून कळवीन. त्याचे पैसे मी घेणार नाही.

आपला,
एक निवृत्त रफूगर,
ता. दापोली, जि. रत्नागिरी